चाळिशीनंतर बॅले: सुरुवात खुब्यापासून

प्रश्न: मी बेळगावात शहापूर भागात राहते. वय ४२, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. दहावीपर्यंत भरतनाट्यम शिकले, पुढे शिक्षण, लग्न, दोन बाळंतपणं यांत ते सुटलं. बॅले शिकायची इच्छा लहानपणापासून आहे. इथे शिकवणारं कोणी मला सापडलं नाही, म्हणून दोन महिने व्हिडिओ बघून घरीच हॉलमध्ये अनवाणी करतेय. खाली शहाबादी फरशी आहे. आता उजवा गुडघा आतल्या बाजूला दुखतो आणि उड्या मारल्या की दुसऱ्या दिवशी नडग्या ठणकतात. या वयात हे जमेल का? भरतनाट्यमचा काही उपयोग होईल का? बोटांच्या टोकावर उभं राहायचे ते गुलाबी शूज कधी घेता येतील? सासूबाई म्हणतात, "हे काय पाय वर करायचं वय आहे?" आणि माझी ११ वर्षांची मुलगीही सोबत करते म्हणते. काय करू?

ताई, जमेल. ४२ व्या वर्षी सुरुवात करून कोणी व्यावसायिक नर्तिका होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण बारचे, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याला हात लावून करायचे, सगळे प्रकार स्वच्छ करणं, वर्ष-दीड वर्षात मधल्या मोकळ्या जागेत एखादी छोटी रचना संगीतावर नाचणं, नंतर एक नेटकी गिरकी घेणं, एवढं नियमित करणाऱ्याला येतं. लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ डान्सचा ५५ वर्षांपुढच्या लोकांसाठी वेगळा उपक्रम आहे, आणि त्यात आयुष्यात कधी न नाचलेली माणसंही येतात. त्या हिशोबाने तुम्ही लवकरच सुरू केलंत.

काळजी वयाची नाही, गुडघ्याची आणि नडग्यांची आहे. आजपासून दोन गोष्टी करा: उड्या पूर्ण बंद, आणि पावलांमधला कोन कमी. बाकीचं बेताने चालू ठेवा. येत्या आठवड्यात एखाद्या फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखवून घ्या. बेळगावात फिजिओथेरपीचं शिक्षण देणारी संस्था आहे, त्यामुळे जाणकार माणूस मिळायला अडचण नाही. तिथे "पाय बाहेर वळवून उभी राहते आणि गुडघे वाकवते" असं नुसतं सांगू नका, उभं राहून, वाकून दाखवा.

गुडघा आतून का दुखत असावा, याचा अंदाज तुमच्याच पत्रात आहे: अनवाणी आणि शहाबादी. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला उघडून उभे राहतात, त्याला टर्नआउट म्हणतात. हे उघडणं खुब्याच्या सांध्यातून आलं पाहिजे. मांडीचं हाड खोबणीत फिरतं, त्यासोबत गुडघा वळतो, गुडघ्यासोबत पाऊल. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखाली सहा लहान स्नायू असतात, हे फिरवणं मुख्यतः त्यांचं काम. पण अनवाणी पाऊल फरशीला घट्ट चिकटतं. मग माणूस खुब्याला झेपत नाही इतका कोन पावलांनी करतो आणि फरशी तो कोन धरून ठेवते. मांडी फिरलेली असते थोडी, पाऊल फिरलेलं असतं खूप, आणि मधला फरक गुडघा सोसतो. गुडघा वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नाही. त्याच्या आतल्या बाजूचे बंध ताणले जातात, पावलाची कमान आत कोसळते, आणि दुखणं नेमकं तुम्ही सांगता तिथे येतं.

व्हिडिओतल्या मुलीचे पाय सरळ एका रेषेत, १८० अंशांत उघडलेले दिसतात. ती बहुधा आठव्या-दहाव्या वर्षापासून शिकलेली असते, आणि मोठ्या शाळांत प्रवेश देतानाच खुब्याची ठेवण बघून मुलं निवडतात. मोठ्या माणसाच्या खुब्याची खोबण किती खोल, कोणत्या दिशेला वळलेली, हे हाडात ठरलेलं असतं. ते ताणून बदलत नाही. बदलते ती ताकद: आहे तो कोन नाचताना सुटू न देण्याची.

तुमचा खरा कोन काढायची रीत सोपी आहे, आणि गणिताच्या बाईंना तर आवडेल. भिंतीला एक हात लावून दोन्ही पावलं जुळवून, बोटं पुढे करून उभ्या राहा. गुडघे सरळ. वजन टाचांवर घ्या, चवडे जमिनीपासून जेमतेम एक सेंटिमीटर उचला. आता पावलांचा विचार न करता दोन्ही मांड्या खुब्यातून बाहेर फिरवा, चवडे जिथे येतील तिथे खाली टेकवा. मुलीला पावलांभोवती खडूने रेघ ओढायला सांगा आणि कोनमापकाने मोजा. प्रौढ नवशिक्यांमध्ये ९० ते ११० अंश भरले तरी पुष्कळ झालं. ८० भरले तर ८०. ही तुमची पहिली पोझिशन, आणि पुढचे सहा महिने खडूच्या त्या रेघेबाहेर जायचं नाही.

त्याच खुणेत उभ्या राहून गुडघे अर्धे वाकवा, टाचा न उचलता. याला डेमी-प्लिए म्हणतात. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून दोरीला चावी बांधून ओळंबा सोडा. तो पायाच्या दुसऱ्या बोटावर यायला हवा. अंगठ्याच्या आत पडत असेल तर कोन अजून कमी करा. पाऊलही बघा: टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन जागांवर वजन सारखं हवं. करंगळी हलकी झाली असेल तर पाऊल आत लोळतंय. बोटांनी फरशी पकडून ठेवायची सवय बहुतेकांना असते. मध्येच बोटं उचलून हलवून बघा, हलत नसतील तर पोटरी आणि नडगी विनाकारण राबताहेत.

अजून एक चूक भरतनाट्यम केलेल्यांत आणि न केलेल्यांत वेगवेगळ्या दिशेने होते. अरमंडीची, म्हणजे गुडघे बाहेर उघडून अर्धं बसण्याची, सवय असलेल्यांची कंबर मागे पोकळ होते, नितंब मागे जातात. नव्याने शिकणारे उलट कुल्ले आवळून माकडहाड पुढे ढकलतात, आणि मग मांडी खुब्यात फिरूच शकत नाही. भिंतीला पाठ लावून प्लिए करा: खाली जाताना आणि वर येताना माकडहाड भिंतीवरून सरळ रेषेत सरकलं पाहिजे, भिंत सोडता कामा नये आणि भिंतीत घुसताही कामा नये.

भरतनाट्यमचा उपयोग होईल का, याचं उत्तर मनापासून हो असं आहे. अंग मोजून हलवायची सवय, मात्रांत राहणं, नजर आणि हात एकत्र नेणं, आरशाशिवाय स्वतःचा पाय कुठे आहे ते कळणं: हे सगळं बारवर पहिल्याच दिवशी दिसतं. अरमंडीत मांड्या खुब्यातून उघडायला शिकलेल्या असतात, फक्त तो कोन आता पुन्हा तपासायचा. बदलायचं आहे ते वजन. अरमंडीत शरीर खाली स्थिर बसतं आणि तट्टडवूत तळवा पूर्ण सपाट आपटतो, त्याचा आवाज हाच तालाचा भाग. बॅलेत प्लिए कुठेच बसत नाही. खाली पोहोचता पोहोचता वर यायला सुरुवात झालेली असते. आणि टाच आवाज न करता ठेवायची: आधी बोटं, मग चवडा, मग टाच. सुरुवातीला तुमची टाच सवयीने धप्पकन पडेल. चार मात्रांत पाऊल ठेवायचा सराव नुसता उभ्याने, बारला हात लावून, वेगळा करा. हातांचंही तसंच. मुद्रा सोडायच्या, बोटं जवळ पण सैल, अंगठा मधल्या बोटाकडे कललेला, कोपर कधी खाली लोंबकळू द्यायचं नाही.

नडग्यांचं कारण मात्र तुमच्या पायात कमी आणि जमिनीत जास्त आहे. शहाबादी असो, टाइल असो की कडप्पा, खाली काँक्रीटच असतं. पहिल्या मजल्यावर राहत असलात तरी स्लॅब काही लवचिक नाही. प्रत्येक उडी संपताना जमिनीने जो थोडा भार घ्यायचा तो ती घेत नाही, सगळा पोटऱ्यांवर आणि नडगीच्या हाडावर येतो. बॅलेच्या वर्गांत म्हणूनच पोकळ, स्प्रिंग असलेली लाकडी जमीन असते. वरून व्हिनाइलचा पट्टा किंवा योगा मॅट टाकल्याने हे बदलत नाही. मॅट तर जास्त वाईट, पाऊल तिच्यात रुततं, वळताना अडकतं आणि घोटा मुरगळतो. गच्चीवर करायचा विचार असेल तर तोही सोडा. आपल्याकडचा पाऊस आणि त्यामागून येणारं शेवाळ, दोन्ही वाईट.

बारचे प्रकार शहाबादीवर चालतात. उड्या चालत नाहीत. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, बॅडमिंटनचं लाकडी कोर्ट असलेला हॉल दुपारच्या मोकळ्या तासाला मिळतो का ते विचारा. काँक्रीटवर सिंथेटिक मॅट अंथरलेलं कोर्ट नको, त्यावर पाय चिकटतो. दुसरा मार्ग घरी एक फळी करून घ्यायचा. आठ बाय चार फुटांचे १२ मिलिमीटर जाडीचे दोन प्लायवुड घ्या, आपल्या पावसाळ्याची हवा बघता पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी दर्जाच. इव्हीए फोमचे तीन इंच चौरस, एक इंच जाड असे ४५ तुकडे कापा. खालच्या प्लायच्या जमिनीकडच्या बाजूला ते एकेक फूट अंतराने चिकटवा: लांबीत नऊ, रुंदीत पाच, कडेचे धरून. फोम खाली राहील असा तो प्लाय उलटा, वरचा प्लाय थेट त्यावर ठेवून २० मिलिमीटरच्या स्क्रूने जोडा. दोन्ही मिळून २४ मिलिमीटर होतात, त्यामुळे टोक खाली निघत नाही. स्क्रूची डोकी लाकडात बुडवा, कडा घासून प्रायमर मारा. ही फळी म्हणजे नाटकाचा रंगमंच नव्हे. मध्यभागी उभ्या उभ्या लहान उड्या मारण्यापुरती आहे, कडेवर पाय गेला तर घोटा जाईल. एका सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

फळी झाली म्हणून लगेच उड्या नकोत. आधी नडग्या शांत होऊ द्या. नंतर पोटऱ्यांची परीक्षा: एका पायावर उभं राहून, भिंतीला दोन बोटं लावून, टाच पूर्ण वर नेत आणि हळू खाली आणत, घोटा न डुगडुगता १५ वेळा. दोन्ही पायांना जमलं की पहिल्या पोझिशनमध्ये दोन्ही पायांवर साध्या उड्या, ज्यांना सोते म्हणतात, आठ-आठच्या दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तासांची विश्रांती. उतरताना टाच जमिनीला लागलीच पाहिजे आणि गुडघे वाकलेच पाहिजेत. पुष्कळजण चवड्यांवरच उतरून पुढची उडी मारतात, आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेला दुखणं लागतं.

नडगीचं साधं ठणकणं आणि धोक्याचं दुखणं यातला फरक बोटाने कळतो. नडगीच्या कडेने लांबवर चोळल्यासारखं दुखत असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर आराम आणि ताकदीचे व्यायाम पुरतात. हाडावर एका जागी बोट ठेवलं की कळ येते, चालतानाही दुखतं, रात्री झोपेत दुखतं, असं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग नाच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडेच जायचं. घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा, तेल चोळत बसायचं नाही.

दोन बाळंतपणं झाली आहेत म्हणून हेही लिहितो, कारण बायका ते विचारत नाहीत. उडी मारताना किंवा टाचा उचलून पटकन खाली येताना लघवीचे थेंब सुटत असतील तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात, आणि त्यांनी बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. तोवर उड्या नकोत, बार चालेल.

आता शिकवणाऱ्याचा प्रश्न. नुसत्या व्हिडिओवर बॅले शिकता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. क्रम कळतो, चूक कळत नाही. तुमच्या गुडघ्याचं दोन महिन्यांत तेच झालं. दूरस्थ वर्ग घ्यायचा तर थेट चालणारा, शिक्षक तुम्हाला बघून थांबवतील असा घ्या. फोन कमरेच्या उंचीवर, अडीच ते तीन मीटर दूर, थोडा तिरका ठेवा, म्हणजे डोक्यापासून पावलांपर्यंत आणि समोरून-बाजूने दोन्ही दिसेल. मागे खिडकी नको, चेहरा आणि पाय काळे दिसतात. त्याशिवाय वर्षातून तीन-चार वेळा प्रत्यक्ष वर्गात उभं राहा. मुंबईत, पुण्यात आणि बंगळुरात बॅलेचे वर्ग आहेत. पुणे आपल्यापासून साधारण ३४० किलोमीटर, बंगळूर पाचशेच्या आसपास. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आठवडाभर जाऊन रोज एक वर्ग आणि दोन वैयक्तिक तास घेतले तर पुढच्या तीन महिन्यांचं काम हातात येतं. जाण्याआधी फोनवर विचारा: प्रौढ नवशिक्यांचा वेगळा वर्ग आहे का, एका वर्गात किती जण, जमीन स्प्रिंगची आहे का, आणि नव्या माणसाला गुलाबी शूज कधी देतात. शेवटच्या प्रश्नाला "सहा महिन्यांत" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका.

पावलांच्या पाच पोझिशन १७ व्या शतकात फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या दरबारातले नृत्यशिक्षक प्येअर बोशां यांनी ठरवल्या, आणि नावं आजही सगळीकडे फ्रेंचच आहेत. त्यामुळे पुण्यात शिकलेला प्लिए बंगळुरात प्लिएच राहतो. हातांच्या आकड्यांत मात्र घोटाळा होतो. डोक्यावर गोल धरलेले हात रशियन वॅगनोवा पद्धतीत तिसरी पोझिशन, रॉयल अ‍ॅकॅडमीच्या पद्धतीत पाचवी. नव्या शिक्षकांकडे गेलात की पहिल्याच दिवशी त्यांची पद्धत कोणती ते विचारा.

घरचा सराव आठवड्यातून चार दिवस, ४० मिनिटं. रोज दीड तास करणाऱ्यांचा उत्साह आणि पोटऱ्या दोन्ही महिन्यात संपतात. पहिली दहा मिनिटं अंग गरम करायला: जागच्या जागी चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं, घोटे फिरवणं, कपाळावर बारीक घाम येईपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या सकाळी गार असतात, तेव्हा पंधरा मिनिटं द्या आणि पायात लोकरी मोजे चढवा, बार सुरू करताना काढा. ताणून धरायचे व्यायाम शेवटी, अंग तापल्यावर, प्रत्येकी ३० सेकंद. पाय पसरून स्प्लिट बसवायच्या मागे लागू नका. मांडीची मागची शीर बसायच्या हाडापाशी दुखावली तर बरी व्हायला महिनोन् महिने लागतात, आणि खुर्चीत बसून पेपर तपासणंही कठीण होतं.

पहिल्या तीन महिन्यांत फक्त तीनच प्रकार घ्या. प्लिए, पहिल्या आणि दुसऱ्या पोझिशनमध्ये (दुसरीत कोन तोच, फक्त टाचांमध्ये फूटभर अंतर), अर्धेच, आठ-आठ. पूर्ण खाली जायचे ग्रां-प्लिए नकोत, तुमच्या गुडघ्याला तर नकोतच. दुसरा तांद्यू: पाय जमिनीवरून घासत पुढे, बाजूला, मागे नेऊन टोक ताणायचं आणि परत आणायचं. यात एक बारकावा सगळं काम करतो. पुढे जाताना टाच आधी निघते, बोटं मागे राहतात. परत येताना बोटं आधी, टाच मागे. असं केलं की मांडी फिरलेलीच राहते. उलट केलं तर पाऊल आत वळतं, त्या सवयीने पुढे टाचा उचलताना घोटा बाहेर लचकतो. ताणलेल्या पायाच्या बोटांवर वजन शून्य हवं: तो पाय केव्हाही उचलता आला पाहिजे. तिसरा रेलवे, म्हणजे दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर येणं. वजन अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये. सोळापासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा, २४ झाले की थांबा. याखेरीज आठवड्यातून तीनदा कुशीवर आडवं होऊन गुडघे वाकवून टाचा जुळवायच्या आणि कंबर न हलवता वरचा गुडघा उघडायचा, बारा-बाराच्या दोन फेऱ्या दोन्ही बाजूंना. काम कुल्ल्यात खोल जाणवलं पाहिजे. मांडीच्या पुढच्या भागात जाणवलं तर कंबर मागे लोळतेय.

चौथ्या महिन्यापासून पाय जमिनीपासून थोडा उचलणारा देगाजे, अर्धवर्तुळ काढणारा राँ द जांब, एका पायावर तोल. पाचव्या पोझिशनऐवजी तिसरी वापरा, म्हणजे पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या मध्याशी. पाचवीत दोन्ही पावलं पुढे-मागे पूर्ण झाकायला जो कोन लागतो तो बहुतेक प्रौढांकडे नसतो, आणि तिथे पुन्हा गुडघाच पिळतो. गिरक्या वर्षभरानंतर, त्याही आधी पाव, मग अर्धी.

ताल तुमच्या फोनवरच्या तबल्याच्या अ‍ॅपवरही घेता येतो. प्लिएला तीनाच्या चालीचं संगीत लागतं, त्याला सहा मात्रांचा दादरा चालतो: लय मिनिटाला साधारण १०० मात्रा, एका आवर्तनात खाली, एका आवर्तनात वर. तांद्यूला आठ मात्रांचा केरवा: चार मात्रांत बाहेर, चारांत आत. पियानोची रेकॉर्डिंगं मिळतात, ती हळूहळू ऐकत जा, कारण वर्गात तीच असतात.

शूज कापडी घ्या, पूर्ण तळव्याचे. मध्ये तुटक तळवा असलेले दिसायला सुबक असतात, पण पूर्ण तळव्याला पाऊल वाकवायला जोर लागतो आणि नवशिक्याला तोच जोर हवा. नेहमीच्या चपलेच्या मापाने मागवू नका. कागदावर उभं राहून पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडा. शूज पायमोज्यासारखे अंगाबरोबर बसले पाहिजेत, बोटं सरळ राहिली पाहिजेत, पुढे रिकामं कापड नको. इलॅस्टिक बऱ्याचदा एका बाजूला सुटं येतं. शूजची टाच आत पुढच्या बाजूला दुमडा: दुमडल्यावर दोन्ही बाजूंना जिथे कोपरे पडतात तिथे इलॅस्टिकची टोकं येतात. पाय घालून घोट्यापुढून बेताचं ताणून खूण करा आणि हाताने चौकोनी टाके घाला. काठातल्या नाडीत सुई जाऊ देऊ नका, नाहीतर नाडी पुन्हा ओढता येणार नाही. नाडी बेताची ओढून गाठ आत खोचा. नुसते मोजे घालून टाइलवर करू नका, पाय सटकतो. पावसाळ्यात शूज पिशवीत कोंबून ठेवले की बुरशी धरतात. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवा.

गुलाबी शूजना पॉइंट शूज म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन प्रत्यक्ष वर्ग, असे किमान दोन ते तीन वर्षं सलग झाल्यावर शिक्षकांनी घोटा, पाऊल आणि पोटाची ताकद तपासून सांगितलं तरच. वर सांगितलेली टाच उचलण्याची परीक्षा तेव्हा १५ नव्हे, २५ पर्यंत जायला हवी, आणि ताणलेलं पाऊल नडगीच्या सरळ रेषेत यायला हवं. काही पावलांची ठेवणच तशी नसते. तुम्हाला ते शूज कधीच मिळाले नाहीत तरी बॅले अपुरा राहत नाही. बारपासून उड्यांपर्यंत सगळं मऊ शूजमध्ये होतं. ऑनलाइन मागवून घरी चढवायचा मोह झाला तर तो शेजारच्या मुलीलाही होऊ देऊ नका. ते शूज प्रत्येक पावलाला बघून बसवावे लागतात.

सासूबाईंचं बोलणं मनावर घेऊ नका, पण त्यांच्याशी वादही घालू नका. आंबोळी उलटतानाही त्यांना ऐकू येईल असा केरवा लावा आणि दार उघडं ठेवून करा. पाय डोक्यापर्यंत वर जात नाही, बहुतेक वेळ जमिनीवरच असतो, हे चार दिवसांत त्यांनाच दिसेल. कपड्यांत पायाला घट्ट बसणारी लेगिंग आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरे. गुडघा आणि घोटा दिसला पाहिजे एवढीच अट आहे, सैल सलवार त्यासाठीच नको.

मुलीला जरूर सोबत घ्या, पण तिचा कोन वेगळा मोजा, तिची खडूची खूण वेगळी. वाढीच्या वयात हाडं आधी वाढतात आणि स्नायू मागून येतात. मध्येच वर्षभर ती पूर्वीपेक्षा ताठर वाटेल, तेव्हा कोणी तिच्या मांड्यांवर दाब देऊन ताणू नये. तुमचे शूज तिला नकोत. बार मात्र एकच चालेल. स्वयंपाकाचा ओटा तुम्हाला थोडा बुटका पडतो आणि प्लॅस्टिकची खुर्ची कलंडते, म्हणून उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन दांड्यांचा स्टँड वेल्डिंग करून घ्या. दीड इंच पाइप, चार फूट लांब, वरचा दांडा जमिनीपासून १०० सेंटिमीटर, खालचा मुलीसाठी ८० ते ८५. खालचे पाय दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट रुंद आणि भरीव लोखंडाचे, म्हणजे स्टँड हलणार नाही, आणि टोकांना रबरी बुश. हात दांड्यावर नुसता ठेवायचा, धरायचा नाही: कोपर शरीराच्या थोडं पुढे, अंगठा बोटांच्याच बाजूला. दर आठ मात्रांनी हात दोन इंच उचलून बघा. तोल जात असेल तर पुढच्या प्रकाराकडे वळायची घाई नको.